बाळ कुठून येते?
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विषय ऐकून काहींनी माना खाली घातल्या. ते स्वाभाविक आहे. आपल्या दीनमध्ये हयेला फार वरचे स्थान आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. परंतु हया आणि अज्ञान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला मांडायचे आहे.

आपले जोहे हे गणपतीच्या कारखान्यांचे गाव. साच्यात मूर्ती कशी भरतात, कशी काढतात, हे येथील प्रत्येक मूल येता-जाता पाहते. पाचवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, अल्लाने माणूस मातीचा केला, तर बाळाचा साचा कुठे असतो?" वर्ग हसला. मला मात्र त्या मुलाचे कौतुक वाटले. मकतबात जे ऐकले आणि रस्त्यावर जे पाहिले, त्यांची त्याने सांगड घातली होती. मी सांगितले, "साचा नसतो. आईच्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते. तिथे बाळ सुमारे नऊ महिने वाढते." तो खाली बसला. त्या वयाचा प्रश्न तेवढाच असतो. पुढचे तो दोन-तीन वर्षांनी विचारील, आणि तेव्हा कोणाला विचारील हे आजच्या उत्तरावर ठरते.

घरी काय उत्तर मिळते? "दवाखान्यातून आणले." नाहीतर "अल्लाने दिले." दुसरे उत्तर खोटे नाही, पण मुलाने देणाऱ्याचे नाव विचारलेले नसते, वाट विचारलेली असते. खुद्द कुरआन शरीफ ती वाट सांगते. सूरह अल्-मुअ्मिनूनच्या 12 ते 14 या आयतींत थेंबापासून मांसाच्या गोळ्यापर्यंत, हाडांपर्यंत गर्भाच्या अवस्था क्रमाने आल्या आहेत. हदीसमध्ये हजरत उम्म सुलैम यांचा प्रसंग आहे. स्त्रीला स्वप्नावस्था झाली तर गुस्ल करावे काय, असे त्यांनी रसूलल्लाह (स.) यांना समोर येऊन विचारले. तेथे असलेल्या हजरत उम्म सलमा यांना संकोच वाटला, पण उत्तर टाळले गेले नाही. मौलवीसाहेब येथे बसले आहेत, माझे काही चुकत असेल तर त्यांनी सांगावे.

आणि आपण काय करतो? दहा वर्षांचे पोर मकतबात गुस्ल केव्हा फर्ज होते ते घडाघडा म्हणते. अर्थ विचारला तर गप्प! बालिग झाल्यावर नमाज-रोजा फर्ज, हे त्याला पाठ असते. बालिग होणे म्हणजे शरीरात काय होणे, हे त्याला कोणी सांगत नाही. मुलींची स्थिती तर अधिक कठीण. त्या दिवसांत रोजा माफ आहे, नंतर कजा करायचा आहे. ही शरियतने दिलेली सवलत. तरी धाकट्या भावाला कळू नये म्हणून आपल्या मुली सेहरीला उठतात आणि दुपारी मोरीत जाऊन चोरून पाणी पितात. अल्लाने दिलेली सवलत चोरून घ्यावी लागावी, ही कोणती हया?

या कामाला आपल्या महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी पुढे प्राध्यापकी सोडली आणि 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही; मलाही पटत नाहीत. पण वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली आणि त्यासाठी खटले सोसले. 1934 साली त्यांचा खटला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढविला. तो हरला, ही गोष्ट वेगळी. पुढे 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधिमंडळात ओरड झाली आणि राज्य शासनाने तो थांबविला. म्हणजे माना खाली घालणारे आपणच एकटे नाही!

आता व्यवहाराचे दोन मुद्दे.

मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आईकडून दर वेळी एक्सच येते. पित्याकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. हे दहावीच्या पोराला नीट कळले, तर उद्या तिसरी मुलगी झाली म्हणून तो बायकोला बोल लावणार नाही. किती सुनांनी हा बोल खाल्ला आहे, हे येथे बसलेल्या दादी-नानींना मी सांगायला नको.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. बालकांवरील अत्याचाराविरुद्ध 2012 साली पॉक्सो कायदा झाला. कायदा चांगला आहे, पण मुलाने तोंड उघडले तरच त्याचा उपयोग. ज्या मुलाला शरीराच्या त्या भागाचे नावच कोणी दिलेले नाही, तो तक्रार कोणत्या शब्दांत करणार? असे करणारा पुष्कळदा ओळखीचाच निघतो. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला नहाणी घालताना अम्मीने शांतपणे नावे सांगावीत, आणि इथे कोणी हात लावला तर लगेच मला येऊन सांग, असे बजावावे. नववी-दहावीपर्यंत थांबू नये.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा पाठ आहे. पुष्कळ ठिकाणी तो "घरी वाचा" म्हणून सोडून देतात. मी तो सोडत नाही. या वर्षी मुलींचा तास बाई वेगळा घेतील, मुलांचा मी घेईन. ज्या पालकांना ऐकायचे असेल त्यांनी जरूर यावे. मागचे दोन बाक मोकळे ठेवायला सांगितले आहेत.