कमावत्याचा कागद



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो संप, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी असते. आज आम्ही त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. घरातली म्हातारी माणसे, आणि त्यांच्यासाठी कमावत्या मुलाने व मुलीने लिहून ठेवावयाचा कागद, हा आमचा विषय आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा जो थोडाफार कळला तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून आणि रात्री पुस्तके चाळून. समोर वकील मंडळी असतील तर त्यांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

मृत्युपत्र हे शेठसावकाराचे किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. "आमच्यापाशी आहे काय लिहायला?" असे लोक विचारतात. आहे की! भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे, हप्ते फेडून घेतलेल्या दोन खोल्या आहेत. हा माणूस चाळिशीत अपघाताने गेला तर हे सारे कोणाकडे जाईल?

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई ही पहिल्या वर्गाची वारस होत. पत्नी, दोन मुले आणि आई मागे असली तर प्रत्येकी चौथाई. आणि बाप? बाप दुसऱ्या वर्गात आहे. पहिल्या वर्गातले एक जरी माणूस हयात असले तरी बापाला वारसा म्हणून छदाम मिळत नाही. ज्याने गावाकडचा तुकडा गहाण टाकून पोराला शिकवले, त्याचे नाव यादीत नाही. ज्यांना मिळकत मिळाली त्यांच्याकडे तो पोटगी मागू शकतो, तशी तरतूद त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्यात आहे. पण सत्तरीच्या बापाने विधवा सुनेविरुद्ध आणि नातवांविरुद्ध न्यायालयात उभे राहावयाचे, हे ऐकायलाही बरे वाटत नाही. त्यापेक्षा मुलाने हयातीत चार ओळी लिहिल्या असत्या तर?

मुलीचे तर याहून विपरीत आहे. विवाहित स्त्री मृत्युपत्राशिवाय वारली आणि मागे मूल नाही, नवरा नाही, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापांचा क्रम त्यानंतरचा. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेल्या आणि सासरहून हाकललेल्या मुलीला माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली, तिने पैसा साठवला. ती गेल्यावर तो पैसा तिच्या आईला मिळाला नाही. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. न्यायाधीशांनी सांगितले की सहानुभूतीने कायदा बदलत नाही. तो बदलेल तेव्हा बदलो. तोवर नोकरी करणाऱ्या प्रत्येक मुलीने एक साधा कागद लिहावा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

हे आम्ही हिंदू कायद्याचे सांगितले. मुसलमान बांधवांचे नियम निराळे आहेत. तेथे आईबाप दोघेही वारस आहेत, आणि इतर वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशापलीकडे मृत्युपत्र चालत नाही. त्यांनी आपल्या जाणकाराला विचारावे.

आता निधीच्या फॉर्मविषयी. नोकरी लागताना पोरगा नॉमिनी म्हणून आईचे नाव लिहितो आणि विसरून जातो. निधीच्या १९५२ च्या योजनेने नियम घातला की लग्नापूर्वीचे नामनिर्देशन लग्न होताच बाद होते, नवे करावे लागते. लग्नात जेवणावळीचा हिशेब सहा जण ठेवतात. हा फॉर्म भरावयाची आठवण एकालाही होत नाही. तो भरताना पत्नीबरोबर अवलंबून असलेल्या आईबापांचाही हिस्सा लिहिता येतो. मात्र नॉमिनी हा बहुधा पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. म्हणून फॉर्म आणि मृत्युपत्र यांत एकच इच्छा असावी.

दुसरी बाजू वडीलधाऱ्यांची. मुलाच्या नावे राहते घर बक्षीसपत्राने करून देण्याची आपल्याकडे मोठी घाई असते. महाराष्ट्रात त्याला मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, बक्षीसपत्र सहसा फिरत नाही. तरीही द्यावयाचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यातच लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ सांगते की अशी अट असून ती मोडली तर हस्तांतर रद्द करून मिळते. अट होती हे दाखवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केले. तेथे मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिलेले होते. त्या एका कागदाने तिचे घर परत आणले.

याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे चरितार्थासाठी अर्ज करता येतो. वकील लागत नाही, मुलगी-मुलगा दोघेही जबाबदार. रकमेला दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा आहे. ती आजच्या औषधपाण्याला पुरत नाही, हे आम्हांस मान्य आहे. आसामने २०१७ मध्ये निराळी वाट धरली: आईबापांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून दहा टक्के कापून ते त्यांना द्यावयाचे. पगारकपात म्हटली की आमच्या अंगावर काटा येतो. जन्म गेला तिच्याशी भांडण्यात. पण ही एक कपात आम्ही निमूटपणे मान्य करू.

"रक्ताच्या नात्यात लिखापढी कसली? हा तर अविश्वास!" असा आक्षेप हमखास येतो. आम्ही मालकाशी करार लेखी करतो तो मालक चोर असतो म्हणून नव्हे. मॅनेजर बदलतो, मालकाचा मुलगा गादीवर येतो, आणि तोंडी बोलणे कोणालाच आठवत नाही. घरातही सून येते, जावई येतो, नोकरीची बदली होते. त्यांचा काही दोष नसतो. बोलणे झाले तेव्हा ते तेथे नव्हतेच.

कागद कसा करावा? साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. आपल्या हयातीनंतर काय कोणास, हे मराठीत स्वच्छ लिहावे. आईबापांना राहत्या खोलीत मरेपर्यंत राहण्याचा हक्क वेगळ्या ओळीत लिहावा. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही आपल्यासमोर कराव्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, परंतु करून ठेवलेली बरी. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान आणि गावातच राहणारे निवडावेत, आणि कागद कोठल्या ट्रंकेत आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे.