नकाशातली बारीक काळी रेघ
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिक्षणाविषयी पुष्कळ सांगितले. मी एका लहानशा, पण आपल्याला महागात पडलेल्या गोष्टीविषयी बोलणार आहे. समाजमंदिरासाठी आपण जागा पाहिली ती मे महिन्यात. जमीन सपाट, रस्त्याला लागून, भाव परवडणारा. पाया खणला आणि मृगाच्या दुसऱ्या पावसात तो भरून वाहू लागला. लोक म्हणाले, नशीब. नशिबाचा काही संबंध नव्हता. त्या जागेतून एक ओढा जात होता. नांगरटीत तो दिसेनासा झाला होता, एवढेच. स्थलदर्शक नकाशात मात्र तो होता. नकाशा समितीपुढे आला तेव्हा त्यातली बारीक काळी रेघ आम्ही पाहिली आणि पायवाट समजून सोडून दिली. त्या समितीत मीही होतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या या नकाशांवर पायवाट लाल तुटक रेषेने दाखवतात. एरवी कोरडा असणारा ओढा काळ्या रेषेने, वाहते पाणी निळ्या रंगाने. तपकिरी रेषा त्या समोच्चरेषा. नकाशाच्या तळाशी छापलेली ही खूणसूची वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आमची ती पाच मिनिटे वाचली आणि पाया गेला!

आता हा नकाशा मिळवायचा कसा? १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाचे नकाशे एके काळी मिळवणे फार कटकटीचे होते. अनेक शीट लष्करी कारणाने बंद असत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी खुली मालिका वेगळी केली. २०१७ पासून १:५०,००० प्रमाणाचे हे खुले नकाशे संगणकावर पीडीएफ स्वरूपात, मोफत उतरवून घेण्याची सोय झाली. नाव नोंदवावे लागते, इतकेच. जुन्या पद्धतीत १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश या चौकोनाला ४७ क्रमांक आहे. मुंबई, पुणे, सातारा, नगर, कोल्हापूर त्यातच येतात. त्याचे अ‍ेपासून पीपर्यंत सोळा भाग, आणि प्रत्येकाचे पुन्हा सोळा. खुल्या मालिकेचे क्रमांक निराळे आहेत, म्हणून सूचीनकाशात आपले गाव शोधून मगच शीट घ्यावे.

छापताना एक चूक सर्रास होते. छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' असा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो ठेवला की नकाशा आक्रसतो आणि प्रमाण खोटे ठरते. शंभर टक्क्यांवर छापा, मग पट्टी लावा : एक किलोमीटर बरोबर दोन सेंटिमीटर भरला पाहिजे. पूर्ण शीट पंधरा मिनिटे अक्षांश-रेखांशाचे, म्हणजे आपल्याकडे सुमारे ५५ सेंटिमीटर उंच. साध्या ए-फोर कागदावर ते मावणार नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्सवाल्याकडे मोठा कागद असेल तर उत्तम, नाहीतर आपल्या गावापुरता तुकडा छापावा.

खरी गंमत उपग्रहचित्रावर हा नकाशा पांघरण्यात आहे. पूर्वी आपण ट्रेसिंग पेपर ठेवत असू, तेच काम क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर करते. नकाशाचे चित्र त्यात घ्यायचे, चारही कोपऱ्यांवर क्लिक करून तिथे छापलेले अक्षांश-रेखांश भरायचे. साध्या जुळणीला तीन बिंदू पुरतात. चौथा कशाला? चूक पकडायला. ३०० डीपीआयने स्कॅन केलेल्या शीटवर एक ठिपका जमिनीवरच्या सव्वाचार मीटरांएवढा असतो, तेव्हा तीन ठिपक्यांची चूक म्हणजे बारा-तेरा मीटर. एवढ्यात एखादे घर इकडचे तिकडे होते. मग वरच्या थराची पारदर्शकता वाढवली की खालची शेते आणि वरचा ओढा एकदम दिसतात. मी हे प्रथम केले तेव्हा आपला पाया त्या काळ्या रेघेवर बसलेला पाहून काही वेळ बोलू शकलो नाही.

जुन्या शीटच्या बाबतीत सावध राहा. ती एव्हरेस्ट गोलाभावर मोजलेली आहेत, उपग्रहाची यंत्रणा डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. सॉफ्टवेअरला हे सांगितले नाही तर सगळे गाव शंभर मीटरच्या आसपास सरकते. एक इंचाला एक मैल या शीटवर समोच्चरेषा पन्नास फुटांच्या आहेत, नव्यांवर बहुधा वीस मीटरच्या. वीस मीटरांत दोन ताडांची उंची लपते. म्हणून पाण्याची टाकी कुठे बसवावी याचा अंदाज या नकाशावरून घ्यावा, पण पाइप टाकण्यापूर्वी लेव्हल लावूनच मोजावे.

आणखी एक. जमिनीच्या हद्दीचा वाद असेल तर हा नकाशा घेऊन तहसील कचेरीत जाऊ नका. तिथे भूमी अभिलेखाचा गावनकाशा आणि मोजणी लागते. हा नकाशा जमीन कशी आहे ते सांगतो, कोणाची आहे ते नव्हे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम सुचवतो. जुन्नरची लेणी, नाणेघाट आणि कल्याण एका नकाशावर मांडा आणि समोच्चरेषा पाहा. व्यापाऱ्यांचे तांडे घाट कुठून चढत असतील आणि भिक्खूंनी वर्षावासासाठी ते डोंगर का निवडले असतील, याचा विचार आपोआप सुरू होतो. कार्ले, भाजे, बेडसे यांचेही तसेच करून पाहा.

आपण दुसरी जागा पाहत आहोत. तिचे शीट मी छापून आणले आहे, मागच्या टेबलावर आहे. चहाच्या वेळी ते सर्वांनी पाहावे, आणि काळी रेघ दिसली तर गप्प बसू नये. जयभीम.