करार दोघांचा, पैसे तिसऱ्याचे

दोघांनी करार केला, फायदा तुमचा, पण सही तुमची नाही. पैसे बुडाले तर कोर्टात जाता येतं?

इंग्लंड, १८६१. दोन व्याह्यांनी ठरवलं, विल्यम ट्वेडलला दोघांनी पैसे द्यायचे. सासरा न देताच वारला. जावयाने दावा लावला आणि हरला. का? करारात तो नव्हताच!

आपल्याकडे १८७७ मध्ये एका सासऱ्याने व्याह्याला लिहून दिलं, सुनेला दरमहा ५०० रुपये देईन. सही हुसैनी बेगमचीही नव्हती. तरी १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये ती जिंकली. कारण पैसे ठरावीक मालमत्तेतून द्यायचे होते, आणि लहान मुलांची लग्नं मोठेच ठरवायचे.

पण हा अपवाद. भारतात मूळ नियम आजही तोच आहे. म्हणून कोणी म्हटलं, 'तुझ्यासाठी करार केलाय', तर आधी विचारा: त्यात मी पक्षकार आहे का?