मुलीला शिकवलं, घराला नाही
(कौटुंबिक उपासनेनंतर मंडळीसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांना रोजच्या आरोग्याच्या सवयी कुटुंबानं मिळून कशा लावाव्यात, असा विषय पाळकसाहेबांनी मला दिला आहे. मी धर्मज्ञानाची पदविका घेतली तेव्हा वाटलं होतं की आयुष्यभर शास्त्र शिकवीन. प्रत्यक्षात गेली अनेक वर्षं सातपुड्यात मुलांची नखं कापण्यात, उवा काढण्यात आणि "हात धुतले का?" असं विचारण्यात गेली. तक्रार नाही. पण या विषयावर मी बोलणार म्हणजे तुम्हाला आधी माझी एक चूक ऐकावी लागेल, कारण जे काही शिकले ते तिथूनच शिकले.

नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका तुमच्यापैकी काहींनी पाहिला आहे. पावरा आणि भिल्ल लोकांची वस्ती. घरं आपल्यासारखी एकाला एक लागून नसतात, प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात, टेकडीवर. खाली नाल्यात झिरा. नाल्याच्या वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरून येईपर्यंत बसायचं, वाटीनं हंड्यात भरायचं, आणि तो हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. उन्हाळ्यात एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही.

सात वर्षांपूर्वी १५ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक हात धुवा दिनाला, आम्ही वसतिगृहात मोठा कार्यक्रम केला. तक्ते लावले, गाणं बसवलं, प्रत्येक मुलाला साबणाची वडी दिली. जुलाब लागले तर क्षार-साखरेचं पाणी कसं करायचं तेही पाठ करून घेतलं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाचवीतली एक मुलगी हे सगळं इतकं खडखडीत म्हणायची की पाहुणे आले की आम्ही तिलाच पुढं करायचो. तुमच्या मंडळीतून आलेल्या पाहुण्यांनीही तिला ऐकलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या पाड्यावर गेले. मुलगी अंगणात रडत होती, आई ओरडत होती. कारण काय, तर मुलीनं शेळ्या बांधून आल्यावर तांब्याभर पाणी ओतून साबणानं हात धुतले. मी लगेच माझं सुरू केलं. जंतू, जुलाब, साबण. आईनं ऐकून घेतलं, कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलला आणि माझ्या हातात दिला. "ताई, तू चल पाण्याला."

गेले. येताना त्या चढावर मी तीन वेळा थांबले, आणि घरी पोचले तेव्हा हंडा पाऊण भरलेला होता. ती बाई रोज अशा चार खेपा करते. मी जे तांब्याभर पाणी सहज ओतायला शिकवलं होतं, ते तिच्या मानेवरून वर आलेलं होतं. मी शरमले खरी, पण शहाणी झाले नाही. मनात म्हटलं, पुढच्या वेळी आईशीही बोलू. आणि राहून गेलं. दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं, होळीला परत आलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी पहिला पाऊस झाला. नाल्याला गढूळ पाणी आलं आणि पाड्यावर जुलाब सुरू झाले. त्या मुलीचा धाकटा भाऊ चौदा महिन्यांचा. दिवसभर जुलाब. आजी म्हणाली, पोटात ठरत नाही तर पाणी कशाला पाजता? आणि बाळाचं पाणी बंद केलं. ही समजूत फक्त पाड्यावरची नाही हं, माझ्या स्वतःच्या सासूबाई तेव्हाच्या अहमदनगरच्या, त्याही हेच म्हणायच्या. मुलीच्या पत्र्याच्या पेटीत आम्ही दिलेली क्षार-साखरेची दोन पाकिटं होती. तिनं ती काढली. आजीनं तिला गप्प केलं. तिनं बापाला सांगितलं. बाप म्हणाला, तू शाळेतली अक्कल शाळेत ठेव. रात्री बाळाचे डोळे खोल गेले, रडायचं थांबलं. पहाटे बांबूला झोळी बांधून दोघांनी बाळाला आणि आईला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप. सलाईन लागलं. देवाच्या दयेनं बाळ वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

मुलगी शाळेत परत आली तेव्हा आठ दिवस कोणाशी बोलली नाही. मी पुन्हा तोच धडा घेत होते, तिला पुढं बोलावलं. ती उठली नाही. जागेवरूनच म्हणाली, "ताई, तुम्ही याहाला का नाही सांगितलं? माझं घरात कोण ऐकतं?"

याहा म्हणजे आई. मी मुलीला शिकवलं होतं, घराला शिकवलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी एक हंडा ठेवला होता आणि तो एकटीनं घेऊन तिला चढावर पाठवलं होतं.

त्या रात्री मी अनुवाद सहावा अध्याय काढला. तो भाग आपण बालकसमर्पणाच्या वेळी कितीदा वाचतो! त्यात आज्ञा कोणाला आहे ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. लेव्यांना नाही, संडेस्कूलच्या शिक्षिकेला नाही, समाजसेविकेला तर नाहीच. घरच्या मोठ्यांना आहे. आणि वेळा कोणत्या? घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. म्हणजे सवयी जिथं लागतात नेमक्या त्याच वेळा. तीमथ्याचा विश्वास त्याच्याआधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आईत, युनीकेत, असं पौल लिहितो. आम्ही आजीला वगळलं होतं.

इथं एक गंमत सांगते. पाड्यावर नव्यानं विश्वासात आलेल्या एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, मार्क सातव्या अध्यायात येशूचे शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवले आणि प्रभूनं त्यांचीच बाजू घेतली, मग तू आम्हाला का त्रास देतेस? प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, तिथला वाद विटाळाचा आहे, मातीचा नाही. परूशी हात धुऊन स्वतःला दुसऱ्यापेक्षा पवित्र समजत होते. आणि त्याच देवानं अनुवाद तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणून मळ मातीनं झाकायला सांगितलं आहे. काकांनी तो अध्याय वाचून घेतला. पुढच्या भेटीत त्यांच्या संडासाचा खड्डा अर्धा खणून झाला होता. संडास पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं, ते वेगळं.

आता आम्ही काय करतो? घरची बैठक. आजी, आजोबा, बाप, आई, मुलं, सगळे असतील तरच बोलायचं, नाहीतर चहा घेऊन परत. पहिला प्रश्न आरोग्याचा नसतोच. पाणी कोण आणतं? किती खेपा? बायका बोलायला लागतात आणि पुरुष जमिनीकडं बघतात. काही घरांत आता मुलगे संध्याकाळची एक खेप करतात. बाप्यांनी हंडा डोक्यावर घेतला तर अजून हसतात, पण खांद्यावर कॅन घेतला तर चालतं, म्हणून कॅन.

मग डबा बांधतो. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, वरच्या बाजूला खिळ्यानं एक भोक, दोन खुंटांवर आडवी काठी, डब्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला पायानं दाबायची काठी. पाय दाबला की डबा कलतो, बारीक धार येते. अर्ध्या पेल्यात दोन्ही हात धुऊन होतात. साबण दोरीला टांगायचा, नाहीतर कोंबड्या नेतात. साबण संपला तर चुलीची स्वच्छ राख, हे आजीला आधीच माहीत असतं, आणि तिला माहीत असलेलं तिनं सांगितलं की बाकीचं ती ऐकते. डबा भरायचं काम आईला द्यायचं नाही, एवढा आमचा एकच हट्ट.

जुलाबाचं पाणी आता आजीकडून करून घेतो, तिच्याच हातानं, तिच्याच चमच्यानं. पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवायचं. सोबत आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण.

सगळं जमलं असं मुळीच नाही. ऊसतोडीची कोपी म्हणजे बांबू आणि ताडपत्रीची झोपडी. आई पहाटे चारच्या आत फडात, मूल पाचटावर झोपलेलं. तिथं कसली सवय आणि कसली बैठक? जंताची गोळी १० फेब्रुवारीला देतात, तेव्हा कुटुंबासोबत गेलेली आमची मुलं गुजरातच्या फडात असतात आणि बरेचदा त्यांची फेरी चुकते. ऑगस्टच्या फेरीला मात्र आम्ही एकेक नाव घेऊन बघतो. मिश्रीचं तर विचारूच नका. बायका भाजलेल्या तंबाखूनं दात घासतात, आणि दातांना लागलेली ती सवय बाळाला कडेवर घेऊनच चालू असते. बाभळीची काडी चांगली होती हो, ती सोडून हे आलं.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका.

गेल्या नाताळात आपल्यातले काही जण भेटवस्तू घेऊन आले, प्रेमानं आले. मुलांना चॉकलेटं, बिस्किटं, पाच रुपयांच्या चटपटीत पुड्या वाटल्या. तुम्ही गेल्यावर त्या आजीनं मला विचारलं, "तुमच्याकडची पोरं हेच खातात का? म्हणजे हे चांगलं असेल." दोन महिन्यांत पाड्याखालच्या टपरीवर त्याच पुड्यांच्या माळा लटकल्या. ज्या घरात तुरीची डाळ, आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर होती, तिथं पोरगं आता पाच रुपयांसाठी रडतं. टपरी काही तुम्ही उघडली नाही, मी आरोप करत नाही. पण पाहुण्यांचं मुलं फार बारकाईनं बघतात. या वर्षी गूळ-शेंगदाणे आणा, केळी आणा. संडेस्कूलमध्ये वचन पाठ केलं की चॉकलेट, ही पद्धत मीही पंधरा वर्षं चालवली, आणि माझ्याच मुलाच्या तीन दाढा किडल्या तेव्हा बंद केली.

तो मुलगा नऊ वर्षांचा आहे. पाड्यावर मी कुटुंबानं एकत्र जेवा म्हणून सांगते आणि माझ्या घरी तो मोबाईल बघत जेवतो, कारण मी दौऱ्यावरून थकून येते आणि तो शांत बसलेला मला हवा असतो. शाळकरी मुलाला रात्री ९ ते १२ तास झोप लागते, तो साडेअकराला झोपतो. एके दिवशी म्हणाला, "आई, तू पण जेवताना मेसेज बघतेस." त्या दिवसापासून यजमान, मी आणि तो, तिघांचे फोन जेवताना पिठाच्या डब्यावर ठेवतो. चार महिने झाले. दोनदा मोडलं, दोन्ही वेळा मी मोडलं.

ती पाचवीतली मुलगी आता बारावीला आहे, नर्सिंगचा अर्ज भरायचा म्हणते. भाऊ शाळेत जातो. आजी आता थकली आहे, पण अंगणातल्या डब्यापाशी बसलेली असते आणि हात न धुता कोणी आत गेलं की काठी आडवी घालते. मलाही घातली आहे.

प्रीतिभोजन तयार आहे असं महिला संघाच्या ताई मघापासून खुणावत आहेत. मागच्या व्हरांड्यात तसाच एक डबा मी सकाळी बांधून ठेवला आहे. पाणी मुलग्यांनी भरलं आहे. पायानं काठी हळू दाबा, जोरात दाबली की साडी भिजते. आधी मुलांना जाऊ द्या, ती तुम्हाला दाखवतील.