एका वर्गातील युक्ती सर्व शाळांत



राजर्षी शाहू छत्रपतींनी सन १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. आज वाडीवस्तीवरही शाळा आहे. परंतु शिकविण्याची हातोटी पुष्कळदा एकेका शिक्षकापाशीच राहते आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते.

आपल्याकडील गुऱ्हाळ पाहावे. काहील केव्हा उतरवावयाची, हे गुळव्या जाणतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, हे तो पाहतो. त्याच्याशेजारी उभा राहणारा ही विद्या शिकतो. नुसता गुळाचा रवा पाहणारा शिकत नाही.

गगनबावड्याच्या डोंगरात, भर पावसात, द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना दुसऱ्याचा पाठ पाहावयास जाणे कठीण. त्यांना असा शेजार केंद्रातील शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातून मिळू शकतो. परंतु गटात सजविलेल्या वर्गाचे छायाचित्र येते व खाली अभिनंदनांची रांग लागते. हा केवळ गुळाचा रवा झाला.

त्याऐवजी असे लिहावे : ‘४२ मधून १७ वजा करताना काही मुलांनी उत्तर ३५ काढले. ती ७ मधून २ वजा करीत होती. काड्यांचे दहा-दहांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या दिल्या. एक गठ्ठा सोडविल्यावर सुट्या बारा झाल्या. मग २५ हे उत्तर मुलांनीच शोधले. दोघांना मात्र अद्याप जमत नाही.’ एवढ्यावरून दुसरा शिक्षक उद्याच पाठ घेऊ शकेल. मुलांची नावे लिहिण्याचे कारण नाही.

यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. गटात वरिष्ठ असतात, म्हणून अडचण लिहावयास शिक्षक कचरतात. वरिष्ठांनी अशा शिक्षकास दोष न देता त्याला साहाय्य मिळवून द्यावे. अन्यथा गटात यशच दिसेल आणि मूल मागेच राहील.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली व ती युक्ती इतरांपर्यंत पोहोचविली. सन २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

गटातील मजकूर चार दिवसांत वर सरकून दिसेनासा होतो. म्हणून उपयोगी युक्ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत करून दाखवावी व शाळेच्या वहीत उतरून ठेवावी. बदली झाली तरी ती वही शाळेतच राहील आणि त्या दोन मुलांचे शिक्षण नव्या शिक्षकाला पुढे चालविता येईल.