मुलांचे खेळ आणि शहाणपणाची अप्रतिष्ठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या शुभदिनी मी मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे, हे ऐकून काहीजणींना नवल वाटेल. ह्या खेळांविषयी आपल्या तक्रारी ठरलेल्या आहेत. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मारामारी फार. त्या आज मी बाजूला ठेवते. नातवंडांशेजारी बसून हे खेळ पाहताना माझ्या ध्यानात आले, की त्यांत गोष्टी असतात. नायक असतो, खलनायक असतो, आणि चांगले कोण, वाईट कोण, ह्याचा निवाडाही असतो. आजीच्या मांडीवर मुले जे ऐकत, ते आता पडद्यावर पाहतात. मग त्या गोष्टी सांगतात तरी काय, हे आपण पाहावयास नको का?

ह्या निवाड्यात एक खोड वारंवार दिसते. जो विद्वान, तोच दुष्ट! जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ साली काढलेल्या ‘मेगा मॅन’चा खलनायक डॉक्टर वायली. सेगा कंपनीच्या १९९१ सालच्या ‘सॉनिक’मध्ये डॉक्टर रोबॉटनिक मुक्या प्राण्यांना यंत्रांत कोंडतो, आणि वाऱ्यासारखा धावणारा सॉनिक त्यांना सोडवतो. ‘मेगा मॅन’मध्ये डॉक्टर लाइट नावाचा सज्जन शास्त्रज्ञही आहे, पण लढाईला जातो तो त्याने घडवलेला यंत्राचा मुलगा.

अमेरिकेतल्या व्हॉल्व कंपनीच्या १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’ची गंमत त्याहून मोठी. त्याचा नायक गॉर्डन फ्रीमन हा एम.आय.टी. ह्या नामांकित संस्थेतून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला. आपण म्हणावे, आला बाई एकदाचा शिकलेला नायक! पण प्रयोगशाळेत अपघात होतो, त्याच्या हाती पहार येते, आणि पुढचा बहुतेक खेळ ठोकाठोकीत आणि गोळीबारात जातो. त्याच्या तोंडून अखेरपर्यंत एक शब्द निघत नाही. सारी विद्या नाकावरच्या चष्म्यापुरती उरली!

विद्येने माणूस उन्मत्त होतो, हे खोटे नाही. १९४५ साली हिरोशिमावर पडलेला बाँब विद्वानांनीच घडवला होता. तेव्हा मुलांना विद्येच्या माजाची गोष्ट जरूर सांगावी. पण विद्येच्या माजावर उपाय म्हणून अविचारी शौर्य पुढे करणे, म्हणजे विंचू उतरवायला साप बोलावणे होय.

कारण नायकाचे मन चांगले म्हणून त्याची प्रत्येक करणी चांगली, हे गणितही तितकेच घातक आहे. २०१३ सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये बुरशीच्या रोगाने जग उजाड झाले आहे. एली ह्या चौदा वर्षांच्या मुलीला तो रोग बाधत नाही. तिच्या मेंदूतून बुरशी काढून लस करावी, असे डॉक्टर ठरवतात. त्यात मुलगी मात्र वाचणार नाही. तिला तिथवर सांभाळून आणणारा जोएल शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो, डॉक्टरला ठार करतो आणि बेशुद्ध एलीला उचलून नेतो. पुढे ती खरे काय ते विचारते, तेव्हा तिच्याशी खोटे बोलतो. भगिनींनो, आईच्या काळजाला जोएल कळतो. पण पाहा, डॉक्टरांनी तिला विचारले नाही आणि जोएलनेही विचारले नाही. एकाजवळ विद्या होती, दुसऱ्याजवळ माया होती. जिचा जीव, तिचे मत मात्र कुणालाच नको होते. ह्या खेळाचा मोठेपणा हा, की तो जोएलला शाबासकी देऊन मोकळा होत नाही. मुलीच्या चेहऱ्यावरची शंका आपल्यापुढे ठेवून तो संपतो.

आपल्या कथांना हे नवे नाही. द्रौपदीने भर सभेत धर्माचा प्रश्न विचारला, तेव्हा गदा तिथे होती, गांडीवही होते; उत्तर मात्र कुणाजवळ नव्हते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली ‘आउटर वाइल्ड्स’ नावाचा खेळ आला. त्यात शस्त्र नाही. दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. जवळ उरते ते फक्त मिळवलेले ज्ञान. जुने लेख वाचावे, एकाचा दुसऱ्याशी मेळ घालावा, हाच तिथला पराक्रम.

आणि निन्टेन्डो कंपनीची ‘झेल्डा’ मालिका पाहा. ती १९८६ साली सुरू झाली. तिच्या कथेत सामर्थ्य खलनायकाकडे, शहाणपण राजकन्या झेल्डाकडे, तर धैर्य लिंक नावाच्या मुलाकडे, अशी वाटणी आहे. पण खेळणाऱ्याच्या हाती येई तो लिंक. मालिकेला नाव राजकन्येचे, आणि ती मात्र कितीदा तरी कैदेत! अखेर २०२४ साली निन्टेन्डोने मुख्य मालिकेतला एक खेळ तिच्या हाती दिला. त्याच्या दिग्दर्शकांत तोमोमी सानो ही स्त्री होती. त्यात झेल्डा पलंग, मेज अशा साध्या वस्तूंच्या प्रतिकृती निर्माण करते, त्या रचून भिंत चढते, दरी ओलांडते. घरातल्या वस्तूंनी अडचणीतून वाट काढणे, हे शहाणपण आपल्याला कुणी शिकवावयास नको!

मात्र सगळा दोष पडद्यावर टाकून चालणार नाही. मुलीने दोनदा ‘का?’ विचारले, की ‘फार शहाणी झालीस’ असे आपणच म्हणतो. सुनेने हिशेब मागितला, की ‘शिकलेली आहे ना!’ हा टोमणा घरातच तयार असतो. शहाणपण ही शिवी आपण केली, आणि खेळाने तिला खलनायकाचा पोशाख चढवला, इतकेच.

म्हणून माझी एकच विनंती आहे. खेळ हिसकावून घेऊ नका. थोडा वेळ शेजारी बसा. नायकाने दार फोडले, की मुलाला विचारा, ‘आत कोण होते? त्यांना कुणी काही विचारले का?’ मूल चिडेल, मग थांबेल, मग उत्तर शोधू लागेल. आणि त्याने उलट आपल्याला प्रश्न विचारला, तर त्याला ‘दीडशहाणा’ म्हणू नका. धैर्य आणि शहाणपण एकाच अंगी नांदू शकतात, हे त्याला प्रथम आपल्या घरात दिसू द्या.