सही गटाची, धंदा कुणाचा?
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आज मला अंगणवाडीच्या आहाराबद्दल बोलायचं आहे. पण पाककृतीबद्दल नाही, बिलाबद्दल. सरकारी पैसा ठेकेदाराला कसा मिळतो हे कळलं, की आपल्याला बाजूला कसं सारलं जातं तेही कळतं.

आधी आपला हक्क. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरू नयेत. धान्य खरेदी आणि स्वयंपाकाचं काम शक्यतो गावातला समाज, बचत गट आणि महिला मंडळांना द्यावं. म्हणजे हे काम आपल्याला कुणी उपकार म्हणून देत नाही. तरीही २०१६ मध्ये आपल्या राज्यात घरी न्यायच्या आहारासाठी निविदा निघाली, तिच्या अटी मोठ्या पुरवठादारांनाच झेपतील अशा होत्या. त्याविरुद्ध बचत गट न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. बायांनो, लढणारे गट आपल्यासारखेच होते.

मग अडतं कुठे? तर पैशाच्या चक्रात. आहाराचे पैसे लाभार्थीमागे, दिवसामागे मिळतात. केंद्राने २०१७ मध्ये साध्या बालकासाठी ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी साडेनऊ, तर तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये असा दर ठरवला. आता हिशोब मांडू. अंगणवाडीत ४० मुलं, महिन्याचे २५ दिवस. ४० गुणिले ८, दिवसाचे ३२० रुपये. महिन्याचे झाले ८,०००. यातच डाळ, तेल, मसाला, सरपण भागवायचं. पण हे पैसे काम झाल्यावर, हजेरी जुळल्यावर, बिल मंजूर झाल्यावर येतात. तीन महिने बिल अडकलं की गटाचे २४,००० रुपये बाहेर. वाणी किती दिवस उधार देईल? मोठा ठेकेदार सहा महिने थांबू शकतो, आपला गट थांबू शकत नाही. आपल्याला हरवायला वाईट स्वयंपाक लागत नाही, उशिरा आलेलं बिल पुरतं.

नेमक्या अशा वेळी दारात माणूस येतो. "ताई, भांडवल माझं, माल माझा. तुम्ही फक्त गटाचं नाव आणि सही द्या, महिन्याला ठरावीक रक्कम घ्या." ऐकायला बरं वाटतं. पण नीट बघा. बिल गटाच्या नावावर, पैसे गटाच्या खात्यात, रक्कम गटाच्या पॅनवर. पाकीट निकृष्ट निघालं, हजेरी फुगवलेली सापडली, तर चौकशीला कोण उभं राहणार? सही करणारी अध्यक्ष. तो माणूस कागदावर कुठेच नसतो. नफा त्याचा, जबाबदारी आपली.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पैसे मोजले जातात ते दिलेल्या पाकिटांचे. पाकीट मुलाने खाल्लं की म्हशीच्या आंबोणात गेलं, हे बिलात कुठेच येत नाही. ते फक्त गावातल्या आईला दिसतं. म्हणून हे काम आईच्या नजरेसमोर राहिलं पाहिजे. गटाला काम देण्यामागचा अर्थच तो आहे.

तर आज चार गोष्टी ठरवूया.

एक, कोणताही करार गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचल्याशिवाय आणि ठराव लिहिल्याशिवाय सही नाही. कोऱ्या चेकवर तर कधीच नाही.

दोन, बिल दिल्याची पोच तारखेसह घ्यायची. तोंडी "दिलं होतं" याला किंमत नसते.

तीन, बिल अडकलेल्या गटाला संघाने अल्पमुदतीचं कर्ज द्यावं. गट वाण्याच्या किंवा ठेकेदाराच्या दारात जाण्याआधी आपल्या दारात यावा.

चार, माहितीचा अधिकार वापरायचा. २००५ च्या या कायद्याने बिलाची प्रत मागता येते, कामाची पाहणी करता येते, मालाचा नमुनाही घेता येतो. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाहीत. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मैत्रिणींनो, दहा-दहा रुपये बचत करून आपण सहीला किंमत आणली. बँक आज त्या सहीवर लाखांचं कर्ज देते. ती सही कुणाला भाड्याने देऊ नका.

आता तिसऱ्या मुद्द्यावर ठराव मांडते. कोण अनुमोदन देतंय?